सकपाळांची राहून गेलेली फेरी

घंटा मी दिली होती. हे वाक्य मी आजवर कोणासमोरही उच्चारलेलं नाही. बायकोसमोर नाही, आई होती तोवर तिच्यासमोर नाही, आणि ज्यांच्यासमोर ते पहिल्याच दिवशी उच्चारायला हवं होतं त्या काशिनाथ सकपाळांसमोर तर नाहीच नाही.

मी लोकलवर गार्ड आहे. आता आमच्या हुद्द्याचं नाव ट्रेन मॅनेजर झालं आहे, पण घरी आणि कामावर अजून गार्डच म्हणतात. गिरगावातल्या आमच्या घरात आजोबा, वडील, काका सगळे कारकून. गाडीवर जाणारा मी पहिला. सकपाळ मोटरमन होते. गाडीच्या पुढच्या टोकाला ते, मागच्या टोकाला मी, मध्ये सगळे डबे. आमचं बोलणं घंटेनं चालायचं. स्टेशनात माणसं चढली-उतरली की गार्डनं बाहेर वाकून फलाटभर बघायचं आणि दोन घंटा द्यायच्या. मोटरमननं दोन परत करायच्या, म्हणजे ऐकलं, आणि मग गाडी हलवायची. गार्डची घंटा मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तांत्रिक असं सांगायचं ते एवढंच.

बाकीचे मोटरमन घंटा परत करताना दारावरची बेल दाबून पळणाऱ्या पोरासारखे दोन्ही एकदम वाजवून मोकळे होत. सकपाळांची पहिली वाजे, मग एक श्वास जाई, आणि मग दुसरी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पहिली ऐकलं म्हणून, दुसरी बघितलं म्हणून. समोरचा सिग्नल बघितल्याबिगर दुसरी द्यायचीच नाही." त्यामुळे ड्यूटीच्या कागदावर नाव वाचलं नसलं तरी पुढे कोण आहे ते मला पहिल्याच स्टेशनात कळे.

आमची पहिली भेट फलाटावर चालताचालता झाली. शेवटच्या स्टेशनात गाडी उलटी निघते, तेव्हा मोटरमन मागे येतो, गार्ड पुढे जातो, आणि दोघं साधारण मध्यावर एकमेकांना ओलांडतात. मी नवा होतो. बुटके, रुंद खांद्यांचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ समोरून आले आणि न थांबता म्हणाले, "नवा काय रे? कुठला?"

"गिरगाव."

"म्हणजे तोंड पुण्याचं आणि पोट मुंबईचं. हरकत नाय. हे बघ, मी तोंड, तू शेपूट. शेपूट झोपली की जनावर धडपडतं. झोपायचं नाय."

एवढं बोलून त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर आवळासुपारी ठेवली आणि पुढे गेले. पुढची कितीतरी वर्षं फलाटाच्या मध्यावर हेच चालू राहिलं. न थांबता एखादं वाक्य आणि आवळासुपारी. लग्न ठरलं ते मी त्यांना असंच सांगितलं. "मुलगी काय करते?" हे त्या फेरीला विचारलं, आणि "बरं झालं, एक तरी कमावतं माणूस घरात येईल," हे पुढच्या फेरीला.

ते लालबागच्या चाळीत राहत. वडील गिरणीत होते. सकपाळ रेल्वेत लागले ते खालच्या जागेवर. मालगाड्या झाल्या, घाटातली इंजिनं झाली, मग लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस झाल्या. एक्सप्रेस सोडून लोकलला का आलात, असं सगळेच विचारत, कारण एक्सप्रेसचा मान मोठा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "एक्सप्रेसच्या ड्रायव्हरला माणसं दिसतच नाहीत रे. ती चढतात तेव्हा आपण इंजिनात आणि उतरतात तेव्हा आपण रनिंग रूमला झोपलेलो. आपण कोणाला नेलं तेच कळत नाय. लोकलला कसं, दर स्टेशनाला तोंडं दिसतात."

गाडी घेण्याआधी ते समोरची काच स्वतः पुसत. पिशवीत जुनं वर्तमानपत्र असे, ते ओलं करायचं आणि कोपऱ्यापासून सुरुवात करायची. एक इन्स्पेक्टर म्हणाला, "सकपाळ, सफाईवाले पुसतात की."

"ते पुसतात दिसायला, साहेब. मी पुसतो बघायला."

त्यांचं गाडी थांबवणं मला मासेवाल्या बायकांकडून कळलं. मालडब्यात टोपल्या घेऊन बसणाऱ्या या बायका भायखळ्याला उतरत. एकदा त्यांतल्या एकीनं उतरता उतरता मला हाक मारली.

"ओ गार्डभाव, पुढं सकपाळ हाय ना आज?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाटी जागची हलली नाय. तो दुसरा हाय ना तुमचा, चष्मेवाला, तो ब्रेक मारतो तर सुका बोंबील पन जिता होऊन उडी मारतो."

मी हे फलाटाच्या मध्यावर सकपाळांना सांगितलं. त्यांना आनंद झाला हे दिसलं, पण म्हणाले काय, तर "तिला सांग, पाटी दारात ठेवत जाऊ नको. माणूस अडखळतो."

सहा डिसेंबरला ते मुद्दाम ड्यूटी मागून घेत. त्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातून भरभरून गाड्या दादरला येतात, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चैत्यभूमीच्या वाटेवर मंडळाच्या पाणपोईवर उभ्या असत. लॉबीत, म्हणजे आम्ही ड्यूटीवर चढताना सही करतो त्या खोलीत, कोणीतरी हसत म्हणालं, "काय सकपाळ, आज तर तुमच्या लोकांची सुट्टी. तुम्ही कामावर कसे?"

सकपाळ सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "माझे लोक आज गाडीनं येतात. गाडी कोण चालवणार, तुझा बाप?"

खोली हसली. विचारणाराही हसला, जरा उशिरानं.

आमच्याकडे एक रीत आहे. मोटरमन निवृत्त होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी साजरी करतात. गाडीच्या तोंडाला झेंडूच्या माळा बांधतात, घरचे लोक पहिल्या डब्यात बसतात, शेवटच्या स्टेशनात सहकारी ढोल-ताशे घेऊन उभे असतात, आणि माणूस केबिनमधून उतरला की त्याला उचलूनच घेतात. बाहेरच्या माणसाला हे फार वाटणार नाही. पण आयुष्यभर ज्याचं तोंड कोणी बघत नाही, त्याच्याकडे त्या एका दिवशी अख्खा फलाट बघतो.

दुसऱ्यांच्या शेवटच्या फेऱ्यांची व्यवस्था सकपाळ करत. दादरच्या फुलबाजारातून माळा तेच आणत आणि बांधतानाही तेच वर चढत. "हार काचेवर येता कामा नये," हा त्यांचा हट्ट. एका निवृत्त होणाऱ्याच्या मेव्हण्यानं हौसेनं काचेवर भलामोठा हार सोडला, तर सकपाळांनी तो काढून मेव्हण्याच्याच गळ्यात घातला. "तुम्ही घाला. तुम्हाला पुढचं काय बघायचं नाय."

स्वतःच्या फेरीचा बेत त्यांनी मला आधीच सांगून ठेवला होता. वहिनी आणि मुलगी करुणा पहिल्या डब्यात बसणार. चाळीतली माणसं लालबागहून चालत करी रोडला येऊन हात करणार. "आणि मागे तू. मी कंट्रोलला सांगून ठेवणार, शेवटची घंटा दुसऱ्या कोणाची नको." वहिनींनी त्यासाठी साडी घेऊन ठेवली होती. एकदा घरी गेलो तर म्हणाल्या, "भावजी, एवढी वर्षं ह्यांची गाडी ऐकतेय, ह्यांच्या गाडीत बसले कधीच नाय. दरवेळी म्हणतात, आज कामाचा दिवस आहे." त्यांना ती फेरी सकपाळांपेक्षाही जास्त हवी होती, असं मला वाटतं.

निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. स्टेशनाचं नाव लिहीत नाही. सकाळ उलटून गेली होती, फलाट मोकळा होता. शेजारच्या रुळावर आमच्याच दिशेची गाडी उभी होती आणि तिच्या केबिनमध्ये माझ्या बरोबरीचा एक गार्ड होता. त्यानं ओरडून विचारलं, "क्वार्टरचं काय झालं रे?" मी तिकडे वळून म्हणालो, "अजून लटकलंय." हे म्हणताना माझ्या हातानं घंटा दिली. हात देतोच. इतक्या वर्षांत तो थांबण्याची वेळ आपोआप ओळखायला लागतो, आणि हेच आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट. मी फलाटाकडे पाहिलंच नव्हतं. पुढून एक घंटा आली, श्वास गेला, दुसरी आली, आणि गाडी हलली. मग आरडाओरडा झाला. एक वयस्कर गृहस्थ दांडी धरून उतरत होते.

ते वाचले. त्यांच्या पायाचा पंजा गेला. मी हॉस्पिटलात जाऊन त्यांना दारातून पाहिलं. जवळ गेलो नाही.

फलाटावरच्या अधिकाऱ्यानं धावत येऊन मला विचारलं, "गार्ड, बेल दिली होती?"

"नाही."

मी विचार करून खोटं बोललो नाही. ते तोंडातून निघालं, जशी हातातून घंटा निघाली. पण हे समर्थन त्या दिवसापुरतं. नंतर चौकशी लागली, आणि विचार करायला पुष्कळ वेळ होता.

त्या जुन्या गाड्यांत घंटेची नोंद कुठे राहत नसे. त्यामुळे प्रश्न एवढाच उरला की गाडी मोटरमननं घंटेवर हलवली की घंटेशिवाय. चौकशीच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. फलाटाच्या मध्यावर न थांबता भेटणारी दोन माणसं, एका बाकावर पहिल्यांदाच. मी माझं सांगितलं: घंटा दिली नाही. मग सकपाळांना विचारलं.

"दोन मिळाल्या. दोन परत केल्या. गाडी हलवली."

चौकशी करणारा अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याला दोघांनाही वाचवायचं होतं, हे आता मला समजतं. त्यानं पेन खाली ठेवलं. "सकपाळ, जुना रेक आहे. ओलाव्यानं बेलचा कॉन्टॅक्ट कधी कधी आपोआप लागतो. असं झालं असेल का? नीट आठवून सांगा."

मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, हो म्हणा भाऊ. हो म्हटलं की तुम्ही सुटता, मीही सुटतो.

सकपाळांनी त्या खाली ठेवलेल्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही, साहेब. घंटा बरोबर होती. आपोआप वाजलेली वेगळी वाजते. ही माणसानं दिलेली होती. मी आज यंत्रावर ढकललं तर उद्यापासून प्रत्येक मोटरमन घंटेवर संशय घेईल."

"म्हणजे गार्डनं दिली, असं तुमचं म्हणणं?"

"कोणी दिली ते मला दिसत नाही, साहेब. मी पुढे असतो."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं आणि आरोपही नव्हता. उरलेलं वाक्य माझं होतं, आणि त्यांनी ते माझ्यासाठी मोकळं सोडलं होतं. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" मी म्हणालो, "नाही."

मोटरमननं घंटेशिवाय गाडी हलवली असा निकाल लागला आणि सकपाळांना गाडीवरून उतरवलं. आमच्यात असंच म्हणतात. त्यांना लॉबीतलं बसकं काम दिलं. ड्यूटीवर येणाऱ्यांची सही घ्यायची आणि दारू प्यायलेली नाही ना हे बघण्याचं यंत्र तोंडासमोर धरायचं. युनियनवाले म्हणाले, अपील करा. सकपाळ म्हणाले, बघू. आणि केलं नाही.

गार्डांच्या खोलीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. चहा पिताना एक जण म्हणाला, "शेवटी काय, कोट्यातनं वर आलेली माणसं. वय झालं की उघडी पडतात." कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. खोटं बोललो तो एक गुन्हा. हे ऐकून चहा संपवला हा दुसरा, आणि याला हात आपोआप चालला असं म्हणायचीही सोय नाही.

त्यानंतर रोज माझी गाठ त्यांच्याशीच. ते यंत्र पुढे करायचे, मी फुंकायचो. काच पुसण्याचं वर्तमानपत्र आता ते वाचत. बोलणं बंद केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते बोलत. माझ्या मुलीची अ‍ॅडमिशन, आईचा गुडघा, सगळं विचारत. फक्त 'तू' गेलं. "कसे आहात? आई बऱ्या आहेत ना?" असं म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं ते माझ्या मागे उभ्या असलेल्या कोणाशी बोलताहेत. मी एकदा म्हणालो, "भाऊ, मला अहो-जाहो काय करता?" ते म्हणाले, "आता तुम्ही सीनियर झालात." आणि यंत्र पुढच्या माणसासमोर धरलं.

निवृत्तीच्या दिवशी लॉबीत शाल, श्रीफळ, सामोसे झाले. दोन भाषणं झाली. दोन्हींत 'निष्कलंक' हा शब्द टाळलेला मला ऐकू आला. वहिनी आल्या होत्या. साडी ती होती की दुसरी, मला माहीत नाही. करुणा एका कोपऱ्यात उभी होती, तिनं सामोसा घेतला नाही. समारंभ संपल्यावर खिडकीबाहेरून एक लोकल निघाली, तेव्हा सकपाळांनी हातातला नारळ टेबलावर ठेवला आणि ती पूर्ण जाईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "चला."

करुणा पुढे नोकरीनिमित्त नागपूरला गेली आणि आईवडिलांना न्यायला आली. चाळीच्या जागी टॉवर व्हायचा होता, सगळे पांगत होते. मला वहिनींचा फोन आला. "भावजी, आम्ही निघतो. दादरला याल का?"

मी आज सांगायचंच असं ठरवून गेलो. दादरच्या फलाटावर एक्सप्रेस लागलेली होती. वहिनी आत सामान लावत होत्या, करुणा पाणी आणायला गेली होती. सकपाळ इंजिनाकडे जाऊन आले होते. म्हणाले, "पोरगा आहे ड्रायव्हर. चांगला वाटला. काच मात्र घाण आहे." आम्ही दोघं दारापाशी उभे राहिलो. याआधी फलाटावर इतका वेळ आम्ही कधी थांबलो नव्हतो. मी घाम पुसला, सामान किती ते विचारलं, नागपूरच्या उन्हाबद्दल बोललो.

मग त्यांनीच विचारलं, "काही बोलायचं होतं का तुम्हाला?"

त्यांचा आवाज साधा होता. घाई नव्हती, टोमणा नव्हता. मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होतो.

"नाही भाऊ. सहज आलो."

"बरं," ते म्हणाले. करुणा बाटल्या घेऊन आली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, तुम्ही त्या दिवशी मागे होता ना?" एवढंच तिनं विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत सकपाळ म्हणाले, "करुणा, आत बस. गाडी सुटते." पुढच्या प्रश्नापासून त्यांनी मला पुन्हा एकदा वाचवलं.

गाडी हलली. ते दारात उभे होते. मला वाटलं हात करतील, म्हणून मी माझा वर उचलला. पण त्यांनी दांडी धरली, बाहेर वाकले आणि माझ्या डोक्यावरून गाडीच्या शेपटीपर्यंत फलाट बघितला. कोणी धावत चढतंय का, कोणी लटकलंय का. सगळं ठीक असावं, कारण ते आत गेले.

सकपाळ नागपूरला आहेत. तब्येत ठीक आहे असं ऐकतो. चौकशीच्या कागदावर चूक अजून त्यांचीच आहे. मी निवृत्तीच्या जवळ आलोय. माझ्या फेरीला माळा कोण आणणार याची चर्चा पोरांनी आताच सुरू केली आहे, आणि मी त्यांना थांबवलेलं नाही. खरं सांगितलं तर ती फेरी मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं गप्प राहण्याचं एक कारण तेही आहे. पायाचा पंजा गेलेले ते गृहस्थ आता कुठे आहेत, मी शोधलेलं नाही.

हे लिहिलं म्हणून काही फिटत नाही. ज्या कार्यालयात मी "नाही" म्हणालो तिथे सहीनिशी "हो" लिहून द्यायचं आहे, आणि नागपूरला जाऊन करुणासमोर तिच्या वडिलांना सांगायचं आहे की घंटा मी दिली होती. या दोन्ही गोष्टी मी अजून केलेल्या नाहीत.